गळाच्या टोकाला नदी

आमच्याकडं मासे धरायचे दोन मार्ग. जाळं पोटासाठी, गळ हौसेसाठी. जाळं भोयाचं आणि कोळ्याचं. पिढीजात कष्टाचं काम ते, त्याच्यावर घर चालायचं. गळ मात्र कुणाचाही. कुणब्याचा, धनगराचा, शाळेतल्या मास्तरांचा आणि त्याच मास्तरांची शाळा बुडवून आलेल्या पोराचाही. नदीच्या काठावर बसलं की ह्या सगळ्यांची जात एकच, गळवाले.

माझं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. जुनं गाव धरणात गेलं, नवं माळावर बसलं. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे लिहिले, देवळं लिहिली, पाटीलकीच्या भानगडी लिहिल्या. गळाबद्दल कुणी ओळ लिहिली नाही. बाजारात न विकली जाणारी गोष्ट कागदावर येत नाही. पण गळवाला एका वेळी एकच मासा धरतो, तो हातात घेऊन बघतो, त्याचं नाव घेतो. त्यामुळं नदीत काय होतं आणि काय राहिलं, ह्याचा हिशेब त्याच्याइतका दुसऱ्या कुणाकडं नसतो. तो हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

ही हौस आजकालची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्यानं ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सोलापूरच्या पलीकडं, आमच्यापासून फार लांब नाही. राजानं कसं राहावं, काय खावं, करमणूक कशी करावी हे सगळं त्यात आहे, आणि त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरणच आहे. विनोद म्हणजे करमणूक. राजानं गळ टाकून मासे कसे धरावेत, काठी कशी असावी, दोरी कशाची करावी, कोणत्या माशाला काय खाऊ घालून आधी लळा लावावा, हे त्यात सांगितलंय. समुद्राचे आणि नदीचे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे पस्तीसेक मासे मोजलेत. गेल्या शतकात माशांच्या अभ्यासकांनी ते प्रकरण इंग्रजीत नेलं, तेव्हा जगाला कळलं की ह्या मुलखात गळाचं शास्त्र नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचे तात्याच आठवले. आधी दोन दिवस एकाच जागी पेंड टाकून मासा हिलवायचा आणि तिसऱ्या दिवशी गळ टाकायचा, हे तात्यांचं तंत्र. सोमेश्वर राजाचं नाव त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची सगळी सामग्री घरचीच. काठी चिव्याची, भरीव, लवचिक, शेंड्याला करंगळीएवढी. दोरा अंबाडीचा किंवा सुती, मांडीवर पीळ देऊन वळलेला. तो पाण्यात कुजू नये म्हणून बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस करायचा. गळ लोहाराकडून घडवलेला, टोकापाशी मागं वळलेला बारीक काटा असलेला. वजनाला शिशाचा तुकडा ठोकून दोऱ्यावर बसवायचा. आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाची दांडी, नाहीतर जोंधळ्याच्या धाटातलं भेंड. ते भेंड हललं, आडवं झालं की बुडालं, ह्यावरून खाली कोण आलंय ते तात्या सांगायचे.

“आधी पाणी वाच, मग दोरा सोड,” हे त्यांचं पहिलं वाक्य.

प्रत्येक माशाची तऱ्हा वेगळी. मरळ काठाच्या गवतात असते. तिला वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून शांत पाण्यावर बुडबुडा फुटला की जागा सापडते. तिथं गळाला बेडकी लावून पाण्याच्या वरच्या वर नाचवायची. झडप अशी पडते की काठी हातातून जावी. पण पावसाळ्यात मरळीची पिल्लं तांबड्या गोळ्यासारखी एकत्र फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. त्या वेळी तिथं गळ टाकलेला तात्यांना खपत नसे. “लेकुरवाळी हाय ती,” म्हणायचे. वाम रात्रीची, दगडाच्या कपारीची, तिला गांडूळ. हातात धरली तर निसटणारच, म्हणून शेजारी वाळूचा ढीग करून ठेवायचा. शिंगटा तळाचा. त्याच्या परांतला काटा बोटात गेला तर रात्रभर ठणका, म्हणून आधी काटे मोडायचे. आणि खडशी, जिला शहरात महाशीर म्हणतात, ती धारेची. खळाळत्या पाण्यात, उंबराच्या झाडाखाली फळं पडतात तिथं. माझ्या लहानपणीच ती आमच्या पट्ट्यात दुर्मीळ झाली होती. तात्यांनी तिच्या ताकदीच्या गोष्टी सांगितल्या, मी स्वतः धरलेली एकही नाही.

पुढं तात्यांनी पंढरीची माळ घातली. मासा सुटला, गळही सुटला. पण संध्याकाळी नदीवर यायचं काही सुटलं नाही. काठावर बसून ते आम्हाला जागा दाखवायचे. कुणी चेष्टा केली की म्हणायचे, “माळकऱ्यानं गळ टाकू नये. कुठं टाकावा ते सांगायला माळ आडवी येत न्हाई.”

नावेचं म्हणाल तर आमच्याकडं नाव अशी नव्हतीच. भोयांकडं वाळक्या भोपळ्यांची सांगड असायची, त्यावर पोट टाकून ते पल्याड जायचे. आमची नाव म्हणजे गुऱ्हाळातली काहील. उसाचा रस आटवायची ती मोठी गोल कढई. गुऱ्हाळ संपलं की काहील नदीला. पुरात माणसं त्याच काहिलीतून पार केली जायची. गळवाले तीच डोहाच्या मध्यावर न्यायचे. काहिलीला ना नाक ना शेपूट. मोठ्या माशानं ओढ घेतली की ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरायची आणि आत बसलेल्या दोघांची तोंडं पांढरी पडायची. पण एक गुण होता. मासा ओढतो तिकडं काहील जायची, त्यामुळं दोरा सहसा तुटत नसे.

आता जरा साहेबाच्या काळात जाऊ. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत होता. पिकं, माणसं, पाखरं आणि मासेसुद्धा. इथल्या माशांवरचा त्याचा लेख १८३९ चा. शास्त्रात नव्या माशाला लॅटिन वळणाचं नाव द्यावं लागतं. ह्या माणसानं काय केलं, तर इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलून शास्त्राच्या वहीत घातली. म्हणून पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरचं शास्त्रीय नाव आजही ‘खुद्री’ आहे. एका माशाचं ‘कोलस’, एकाचं ‘नुक्ता’, एका शिंगट्याचं ‘सींगटी’, एका बारक्या माशाचं ‘अलकूटी’. काठावरच्या कुण्या भोयानं मासा दाखवला असेल, साहेबानं विचारलं असेल “हे काय?”, आणि त्यानं जे सांगितलं ते जगभरच्या पुस्तकात जाऊन बसलं. सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठं नाही. आमच्या गावातल्या आजच्या पोराला ह्यातली दोन नावं आली तरी पुष्कळ. नदीतून मासा जातो तेव्हा जिभेवरचं नावही जातं. शास्त्राच्या वहीत तेवढं ते उरतं, तेही मोडक्या उच्चारात.

साहेब लोकांना महाशीरचं वेड होतं. मद्रास सरकारच्या नोकरीतल्या हेन्री थॉमस ह्या अधिकाऱ्याचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली निघालं आणि हौशी गळवाल्यांची ती पोथीच झाली. पण त्याच माणसानं एक तक्रारही लावून धरली होती. पाण्यात विष कालवून आणि बारीक विणीच्या सापळ्यांनी पिल्लांसकट मासा मारला जातोय. पुढं १८९७ साली कायदा झाला आणि पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष घालून मासे मारायला बंदी आली. कायदा झाला, पण डोहापर्यंत पोचला नाही. आमच्याकडं १९७२ च्या दुष्काळात जिकडंतिकडं विहिरी खणल्या गेल्या आणि जिलेटिनच्या कांड्या घरोघर झाल्या. विहिरीतून उरलेली कांडी डोहात पडू लागली. एका आवाजात डोह पांढरा व्हायचा. चार मासे पिशवीत जायचे, चाळीस तळाला कुजायचे. तात्या त्या दिवशी जेवायचे नाहीत. माळ होती म्हणून नव्हे, माळ घालायच्या आधीपासूनच.

त्याच सुमारास तंगूस आला. नायलॉनचा शोध १९३५ चा, पण आमच्या आठवडे बाजारात तो दोरा पोचायला तीसपस्तीस वर्षं लागली. पाण्यात दिसत नाही, कुजत नाही, केसाएवढा बारीक असून शेर-दोन शेरांचा मासा सहज झेलतो. अंबाडीचा दोरा वळणं एका वर्षात बंद पडलं. गळही पुडीत मिळू लागले. नंतर पुण्याचे हौशी लोक मोटारसायकलवरून येऊ लागले, त्यांच्याकडं काचतंतूची काठी आणि फिरकी. ही फिरकी इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ नावाच्या कापडधंद्यातल्या माणसानं काढली, १९०५ साली. गिरणीतल्या चातीवरून सूत कसं अलगद सुटतं ते बघून त्याला ती सुचली म्हणतात. आमच्या बायकांनी चातीवर जन्मभर सूत कातलं, पण ती गळाला लावायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फिरकीमुळं गळ काठापासून तीस-चाळीस वाव लांब जाऊ लागला. काहिलीची गरज संपली.

आणि १९८० साली उजनी धरण पुरं झालं. एकशे सतरा टीएमसीचं पाणी. नदीचं तळं झालं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आजही वर येतं. धार गेली तशी धारेचे मासे गेले. डोह कुठं, उतार कुठं, तात्यांचं सगळं पाणी-वाचन एका पावसाळ्यात निकामी झालं. मग नवं शिकलो. धरणात बाहेरून बीज सोडलं. कटला वरच्या थराला चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. म्हणून एकाच काठावर तीन जणांचे तीन दोरे तीन खोलीला. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मळून गोळा करायचा. रोहू हळूच चाटतो, घाई केली की गेला.

त्यानंतर चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. नर काठाच्या गाळात ताटलीसारखं घर करतो, मादी अंडी तोंडात धरून फिरते. असं जपलेलं लेकरू मरेल कसं? आज आमच्या काठाला पोरानं कणकेचा गोळा लावून गळ टाकला की दहापैकी नऊ वेळा चिलापीच. चवीला वाईट नाही, भोयांच्या चुली तिच्यावर पेटतात, तेव्हा तिला शिव्या देणार नाही. पण लहानपणी गळ वर येईपर्यंत काय असेल ह्याची जी धडधड असायची, ती गेली. वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं पाणी सुटलं की तर चिलापीही उताणी पडते. सगळ्यात आधी ते कळतं गळवाल्याला, कारण त्याचं भेंड हलायचं थांबतं.

कावेरीवरची एक गोष्ट सांगतो. तिथं महाशीर धरून मोजून परत सोडणारे हौशी गळवाले होते. “धरायचा आन् सोडायचा? मग धरायचा कशाला?” आमच्या पारावर मी हे सांगितलं तर लोक हसले. पण त्यांनी १९९८ ते २०१२ एवढ्या वर्षांची वही ठेवली होती. किती तास बसलो, कोणता मासा, किती वजनाचा. अभ्यासकांनी ती वही उघडली तेव्हा दिसलं की कावेरीचा मूळचा कुबडा महाशीर संपत आलाय आणि त्याच्या जागी निळ्या परांचा महाशीर वाढलाय. तो निळ्या परांचा म्हणजे आपला खुद्री. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होते, तिथलं बीज चांगल्या हेतूनं दूरवर गेलं आणि परक्या नदीत तिथल्या घरच्या माशावर भारी पडलं. आमच्या भीमेत परका आला, आमचा तिकडं परका झाला. हे हिशेबानं कळलं ते एका हौशी वहीमुळं.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथं देवीचे म्हणून महाशीर लोक धरत नाहीत, उलट खाऊ घालतात. तिथं श्रद्धेनं मासा राखला, कावेरीवर वहीनं त्याची खबर दिली. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. तात्यांच्या डोक्यात होतं तेवढं त्यांच्याबरोबर गेलं.

म्हणून मी गेली काही वर्षं शेतीच्या वहीची मागची पानं गळासाठी राखलीत. तारीख, पाण्याची पातळी, मासा, अंदाजे वजन. पानभर चिलापी, मध्येच एखादी वाम, वर्षातून एकदोनदा मरळ. तुमच्या काठाला कुणी जुना गळवाला असेल तर त्याच्याकडून माशांची नावं उतरवून घ्या, तो म्हणतो तशीच, शुद्ध करू नका. नातवाला गळ द्यायचा तर सोबत पेन्सिलही द्या. आमच्या नातवानं परवा एका बारक्या माशाचं नाव विचारलं. मला ते येत होतं. वहीत लिहिलंय.