तोलेन्तिनोचा टॉमस आणि डहाणू-संजाणचा किनारा : इ. स. १३२१ च्या ठाणे-प्रकरणाचा पुनर्विचार

उत्तर कोकणातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास सामान्यतः पोर्तुगीजांपासून, म्हणजे इ. स. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली तेथपासून, सांगण्याचा प्रघात आहे. तथापि त्यापूर्वी दोनशेहून अधिक वर्षे, इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात, ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांचा वध झाला आणि त्यांचे देह सोपाऱ्यास पुरण्यात आले. ह्या घटनेकडे आजवर दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. चर्चच्या परंपरेने तिच्यात हौतात्म्य पाहिले. इतरांनी दोन धर्मांमधील अटळ संघर्षाचा एक दाखला म्हणून तिचा उल्लेख केला. सोपाऱ्याच्या उत्तरेस पसरलेल्या डहाणू-संजाण किनाऱ्याची साधने या प्रकरणाच्या जोडीला ठेवून वाचली, तर दुसरी दृष्टी टिकत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या चौघांत प्रमुख होता तो तोलेन्तिनोचा टॉमस. मध्य इटलीतील आंकोना प्रांतात त्याचा जन्म झाला. संत फ्रान्सिसने घालून दिलेले अकिंचनतेचे व्रत अक्षरशः पाळावे, असा आग्रह धरणाऱ्या कडव्या गटात तो होता व त्यापायी स्वतःच्याच संघाच्या अधिकाऱ्यांकडून त्याला बंदिवास सोसावा लागला. इ. स. १२८९ मध्ये संघाच्या नव्या प्रमुखाने या मंडळींना मुक्त केले आणि सिलिसियातील आर्मेनियन राज्यात धाडले. तेथील राजा दुसरा हेथुम याच्या वतीने टॉमस पोपकडे आणि फ्रान्स व इंग्लंडच्या राजांकडे साहाय्याची याचना घेऊन गेला. पुढे इ. स. १३०७ मध्ये चीनमध्ये कार्य करणाऱ्या मोन्तेकोर्विनोच्या योहानाची पत्रे त्याने पोप पाचवा क्लेमेंट याजपुढे मांडली. योहानाची खानबालिकच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, आर्चबिशपपदी नेमणूक झाली ती यानंतरच. सारांश, ठाण्यास उतरला तेव्हा टॉमस हा राजदरबार व धर्मसभा पाहिलेला, तीन दशके प्रवासात घालविलेला वृद्ध उपदेशक होता.

ठाणे हे त्याचे गंतव्य नव्हतेच. पादुआचा याकोब, सिएनाचा पीटर, तिफ्लिसचा दिमित्री आणि डॉमिनिकन संघाचा जॉर्डनस यांसह तो होर्मुझहून क्विलोनकडे निघाला होता. प्रतिकूल वाऱ्याने गलबत ठाण्यास लागले. तेथे नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओडोरिक सांगतो. रोमच्या दृष्टीने हे लोक पाखंडी. परंतु आसरा मिळाला तो त्यांच्याच घरी. त्या घरातील पतिपत्नींच्या भांडणाची फिर्याद काजीपुढे गेली, साक्षीच्या निमित्ताने या परदेशीयांचे नाव निघाले, त्यांना पाचारण झाले, आणि साक्षीचे प्रयोजन बाजूला राहून धर्मवाद सुरू झाला. पैगंबरांविषयी आग्रहाने विचारले असता टॉमसने आपले मत न झाकता सांगितले. टॉमस, याकोब व दिमित्री यांचा वध ९ एप्रिल रोजी झाला; पीटरचा दोन दिवसांनी.

जॉर्डनस त्या वेळी भडोचच्या बाजूस गेलेला असल्याने वाचला. परत येऊन त्याने एका जिनोव्हावासी तरुणाच्या साहाय्याने सोबत्यांचे देह मिळविले आणि सोपाऱ्यास पुरले. त्याच वर्षीच्या १२ ऑक्टोबरला घोघ्याहून त्याने इराणातील धर्मबांधवांना पत्र लिहिले, ते या प्रकरणाचे सर्वांत निकटचे साधन होय. दुसरे साधन म्हणजे पोर्देनोनेच्या ओडोरिकचे प्रवासकथन. त्याने अस्थी उकरून चीनमधील झैतून बंदरी नेल्या. मात्र त्याचे कथन लिहून घेतले गेले ते इ. स. १३३० मध्ये, पादुआ येथे. त्यात अग्निदिव्यासारखे चमत्कार आहेत आणि संतचरित्राचा साचा स्पष्ट दिसतो. म्हणून घटनेचा क्रम दोहोंवरून जुळवावा; परंतु अद्भुत भागावर इतिहासाची मांडणी करू नये. टॉमसच्या पूजनास रोमची अधिकृत मान्यता मिळाली ती इ. स. १८९४ मध्ये, तीही ‘धन्य’ या संतपदाच्या अलीकडील पायरीवर.

आता प्रश्न असा की, परक्या उपदेशकाचा वध ही या किनाऱ्याची रीत होती काय? सोपारा व भडोच यांच्या दरम्यान डहाणू, तलासरी व संजाण हा पट्टा येतो. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्याचा उल्लेख आहे, त्यांत दमणा व पारदा यांच्यासह डाहनुका हे नाव आहे. पुढे राष्ट्रकूटकाळात हा भाग संयान, म्हणजे संजाण, मंडळात मोडत असे. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटावरून या मंडळाचा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, मधुमती सुगतिप हा होता असे कळते; मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप होय. याने दोन नद्यांवर विनामूल्य तर चालू केली, संजाणला वाटसरूंसाठी अन्नसत्र घातले, आणि त्याच्या विनंतीवरून देवीच्या मठास भूमिदान मिळाले. इस्लामी अधिकारी, हिंदू राजा आणि देवीचा मठ ही तिन्ही नावे एका ताम्रपटात निर्वेधपणे नांदतात. अग्निपूजक पारशी याच संजाणला स्थिरावले; त्यांचा पवित्र अग्नी पुढे संकटकाळी जवळच्या बाहरोट डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे जपला गेला, अशी त्यांची परंपरा सांगते.

या पुराव्याला खुद्द जॉर्डनसच्या ‘मिराबिलिया’ या ग्रंथाचा दुजोरा मिळतो. छप्पर नसलेल्या मनोऱ्यात प्रेते ठेवणारे, प्रकाश व अंधार अशी दोन तत्त्वे मानणारे अग्निपूजक त्याने नोंदविले आहेत. येथील लोक सत्यवचनी असून प्रत्येकाचे पूर्वापार हक्क सांभाळतात, आणि मूर्तिपूजकांमध्ये निर्भयपणे उपदेश करता येतो, असेही तो लिहितो. सोबत्यांचे देह स्वतः पुरलेल्या, पुढे कारावासही सोसलेल्या मनुष्याची ही साक्ष आहे. इस्लामी राज्यकर्त्यांविषयी त्याची लेखणी कटू आहे आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्या कटुतेतून सबंध किनाऱ्याविषयीचा निष्कर्ष काढता येणार नाही.

मग ठाण्यास विपरीत घडले ते कशामुळे? इ. स. १३१८ मध्ये देवगिरीच्या यादवांची सत्ता कायमची संपली. दिल्लीत खल्जी घराणे लयास जाऊन इ. स. १३२० मध्ये गियासुद्दीन तुघलक गादीवर आला. ठाण्याचा मलिक व काजी हे या नव्या, अद्याप न रुळलेल्या सत्तेचे अधिकारी होते. ओडोरिकच्या कथनातही मलिकाने या उपदेशकांना प्रथम सोडून दिले आणि वध घडला तो काजीच्या आग्रहाने, रात्री. पुढे दिल्लीच्या सुलतानाने मलिकास देहान्त शासन केले व काजी पळाला, असेही तो सांगतो. हा तपशील सर्वस्वी ग्राह्य मानला नाही, तरी राज्यसंस्थेतच या कृत्याविषयी एकमत नव्हते, एवढे त्यावरून सूचित होते.

तात्पर्य, टॉमसच्या मृत्यूचे कारण केवळ धर्मभेदात शोधणे युक्त नाही. धर्मभेद सुगतिपाच्या काळीही होता. त्या वेळी त्यातून तर आणि अन्नसत्र निर्माण झाले. इ. स. १३२१ मध्ये मोडला तो परक्यास संरक्षण देण्याचा या किनाऱ्याचा जुना प्रघात, आणि तो मोडू शकला, कारण तो पाळवून घेणारी स्थिर सत्ता त्या क्षणी ठाण्यास नव्हती. उत्तर कोकणातील धर्मसंबंधांचा इतिहास लिहिताना ठाण्याच्या वधाची नोंद अवश्य व्हावी; मात्र तिच्या शेजारी चिंचणीचा ताम्रपट आणि त्या उपदेशकांना आसरा देणारी नेस्तोरियनांची पंधरा घरे यांनाही जागा मिळाली पाहिजे. एरवी अपवादालाच नियम मानण्याचा दोष आपल्या पदरी येईल.