डाव्या पायाची विद्या

टांग्याचा घोडा आणि पेट्रोलचे इंजिन यांमध्ये एक मूलभूत भेद आहे. घोडा उभ्या जागेवरून जोर लावू शकतो. लगाम सैल होताच तो मान पुढे घालतो आणि चाक फिरू लागते. पेट्रोलच्या इंजिनास हे साधत नाही. त्याचा वेग मिनिटास काही शे फेऱ्यांच्या खाली उतरला, की ते गुदमरते व बंद पडते. इंजिन फिरते आहे आणि चाक स्थिर आहे, अशा दोन विजोड वस्तूंची गाठ घालून देणारा भाग म्हणजे क्लच. टांग्यांच्या आणि सायकलींच्या पुणे शहराने ही गाठ बांधावयास कसे शिकून घेतले, ही हकिकत लहान असली तरी उद्बोधक आहे.

१८९१ साली फ्रान्समधील पानार-लव्हासोर या कारखान्याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे दातेरी चाकांची पेटी आणि शेवटी मागची चाके, ही मांडणी प्रचारात आणली. प्रारंभीचा क्लच कातड्याने मढविलेल्या शंकूसारखा असे. पुढे त्याची जागा सपाट तबकडीने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. स्प्रिंगांच्या दाबाने तबकडी इंजिनाच्या जड चक्रास चिकटलेली असते. पेडल दाबले की ती सुटते, पाय उचलला की पुन्हा चिकटते. या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो, की तबकडी घसरत घसरत पकड घेते. चालकांच्या बोलीत याला ‘हाफ क्लच’ म्हणतात, आणि साऱ्या विद्येचे मर्म याच क्षणात आहे. पाय झटकन उचलला, तर गाडी गचका खाऊन बंद पडते. फार वेळ अर्धवट ठेवला, तर तबकडी तापून जळू लागते. हे पुस्तकाने शिकविता येत नाही. तळपायास जाणवणारी बारीक थरथर आणि इंजिनाचा उतरता सूर हेच येथील गुरू होत.

पुणेकरांना या विद्येची खरी परीक्षा द्यावी लागली ती बोरघाटात. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढू लागली. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनास क्लच लागत नाही, कारण ते घोड्याप्रमाणे उभ्या जागेवरून जोर लावते. विजेच्या मोटारीचाही तोच गुण. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी विजेच्या बळावर घाट चढे, तेव्हा तिच्या चालकास डाव्या पायाची चिंता नसे. शेजारच्या रस्त्यावरील मोटारवाल्यास मात्र ती प्रत्येक चढावर असे. थांबलेली गाडी पुन्हा हलवावयाची, तर हातब्रेक सोडणे, क्लच उचलणे आणि ॲक्सिलरेटर दाबणे ही तिन्ही कामे एका श्वासात जुळावी लागत. न जुळली, तर गाडी मागे घरंगळे.

बरोबर अठरा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरास राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. गिअरचे दाते आपोआप जुळविणारी ‘सिंक्रोमेश’ ही युक्ती कॅडिलॅक मोटारीत १९२८ सालीच आली होती. परंतु अवजड वाहनांत ती रुळण्यास पुष्कळ काळ लागला. तोवर चालकास ‘डबल क्लच’ साधावा लागे: एकदा दाबून गिअर सोडवावयाचा, पाय उचलून इंजिनाचा वेग वाढवावयाचा, पुन्हा दाबून खालचा गिअर घालावयाचा. उतारावर हा मेळ चुकला, तर गाडी कोणत्याच गिअरमध्ये राहत नसे आणि सारा भार एकट्या ब्रेकवर येई. मागे बसलेल्या प्रवाशांचे प्राण अशा वेळी एका पायाच्या तालावर अवलंबून असत. म्हणूनच क्लीनर होऊन, उस्तादाच्या शेजारी वर्षे काढून मिळविलेल्या या विद्येस केवळ हातचलाखी म्हणणे अन्यायाचे होईल.

मध्यमवर्गाच्या घरी क्लच शिरला, तो बहुधा मोटारीबरोबर नव्हे, स्कूटरबरोबर. १९७२ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्याची ‘चेतक’ आली. तिचा क्लच डाव्या हातात असे आणि तीच मूठ पिळून गिअर बदलावा लागे. त्याच वर्षी कायनेटिक कंपनीची ‘लूना’ आली. तिला क्लचची दांडीच नव्हती. इंजिनाचा वेग वाढताच आतला क्लच आपोआप पकड घेई. ज्यांना घरातील पुरुषांची स्कूटर सहसा हाती मिळत नसे, अशा पुण्याच्या कितीतरी मुली व स्त्रिया या वाहनाने कोणाच्या मागे न बसता कॉलेजास व कचेरीस जाऊ लागल्या. क्लच साधणे हे कौशल्य खरे. परंतु कौशल्याची अट दूर झाली की वाट किती जणांना मोकळी होते, हेही लूनेने दाखविले. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘गिअरसह’ व ‘गिअरविरहित’ मोटारसायकल असे परवान्याचे वर्गच वेगळे मानले.

१९८९ च्या नियमांनुसार परवान्याच्या परीक्षेत चढावर थांबविलेले वाहन मागे न घरंगळू देता पुन्हा चालवून दाखवावे लागते. ही घाटातली जुनीच कसोटी. परंतु २०१४ सालच्या मारुती सेलेरिओने स्वस्त मोटारीतही क्लच दाबण्याचे काम यंत्राकडे सोपविले. २०१९ साली पुण्याच्या रस्त्यांवर विजेच्या बसगाड्या धावू लागल्या आणि २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, तीही विजेवर, क्लचशिवाय. विजेची मोटार टांग्याच्या घोड्याप्रमाणेच उभ्या जागेवरून जोर लावते. इंजिनाच्या एका उणिवेपोटी माणसाच्या डाव्या पायास जे शिक्षण घ्यावे लागले, ते आता हळूहळू अनावश्यक होत आहे. त्याविषयी हळहळ नको. मात्र ज्या पायांनी रात्री-अपरात्री भरलेल्या गाड्या सुखरूप घाटाखाली उतरविल्या, त्यांचे ऋण या शहराने विसरू नये.