एका योजनातील परमाणू : दोन बौद्ध संख्यांची चिकित्सा

'ललितविस्तर' या संस्कृत बुद्धचरित्राच्या बाराव्या, 'शिल्पसंदर्शन' नामक परिवर्तात गणकमहामात्र अर्जुन बोधिसत्त्वाची गणितात परीक्षा घेतो. कोटीपासून शंभरपटीने चढत जाणाऱ्या संज्ञा सांगून झाल्यावर परमाणुरजांचा प्रश्न निघतो : एका योजनात ते किती? हा प्रसंग पालि निकायांत नाही व त्यास इतिहास मानण्याचे कारणही नाही. परंतु प्रसंग काव्यमय, म्हणून त्यातील गणितही अतिशयोक्तीच, हे मत आम्हांस मान्य नाही.

ग्रंथातील कोष्टक असे : सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी, पुढे वातायनरज, शशरज, एडकरज, गोरज, लिक्षा, सर्षप, यव आणि अंगुलिपर्व, प्रत्येक पायरी सातपट. बारा पर्वांची वितस्ती, दोन वितस्तींचा हस्त, चार हस्तांचे धनुष्य, सहस्र धनुष्यांचा मागध क्रोश, चार क्रोशांचे योजन. गुणाकार १०,८४,७०,४९,५६,१६,००० येतो.

या संख्येचे मूळ अवयव पाहावेत. २ दहा वेळा, ३ एकदा, ५ तीन वेळा आणि ७ दहा वेळा. याखेरीज एकही नाही. तिला ९६८ विभाजक आहेत. ती पूर्ण वर्ग नाही; १५ ने गुणिल्यास मात्र होते. केवळ विस्मय उत्पन्न करावयाचा असता तर एकावर शून्ये मांडणे पुरेसे होते. सातचा दहावा घात शून्ये वाढवून मिळत नाही. त्यासाठी गुणाकार करीत जावे लागते.

मात्र छापील संस्कृत पाठात (डॉ. प. ल. वैद्य यांची दरभंगा आवृत्ती १९५८ ची) बोधिसत्त्वाच्या मुखी आलेली संख्या याहून फार मोठी आहे, ती अक्षोभ्याच्या, म्हणजे एकावर १७ शून्यांच्या, पलीकडे जाते. लेखनिकांच्या हातून संख्यावाचक शब्द सहज बिघडतात. सातांची साखळी बिघडणे कठीण. म्हणून आम्ही कोष्टकास प्रमाण मानतो.

पालि परंपरेचे कोष्टक 'सम्मोहविनोदनी' या विभंग-अट्ठकथेत आहे. तेथे परमाणू, अणू, तज्जारी, रथरेणू, लिक्खा या चार पायऱ्या छत्तीसपट असून लिक्खेपासून ऊका, धान्यमास व अंगुल या तीन सातपट. पुढे विदत्थी, रतन, यट्ठी, उसभ, गावुत यांवरून योजनात ६१,९४,३१,६३,१२,५७,६०० परमाणू येतात. याही संख्येचे मूळ अवयव २, ३, ५ आणि ७ एवढेच.

दुसरी संख्या पहिलीच्या सुमारे ५.७ पट आहे. ही तफावत कोठून येते? लिक्षेपासून बोटापर्यंत, म्हणजे उवेची लीख, धान्याचा दाणा या डोळ्यांना दिसणाऱ्या टप्प्यात, दोन्हीकडे सातच्या तीनच पायऱ्या आहेत. दृष्टीआडच्या भागात एकीकडे लिक्षेचे परमाणू ८,२३,५४३, तर दुसरीकडे १६,७९,६१६, म्हणजे जेमतेम दुप्पट. उरलेला २.८ पटीचा फरक जमिनीच्या मापांचा आहे : ललितविस्तराच्या योजनात ३,८४,००० अंगुले, अट्ठकथेच्या योजनात १०,७५,२००. क्रोशास 'मागध' हे विशेषण ललितविस्तरकाराने लावले आहे, ते याच कारणाने असावे.