गड न चढता भोर-वेल्हे पाहता येतं का? निवृत्त जोडप्यांसाठी हिवाळ्यातली निवांत सहल

निवृत्तीनंतरची मोठी ट्रिप म्हटलं की हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली नावं येतात ती प्राग, व्हिएन्ना, पॅरिसची. फोटोही ठरलेले असतात: नदीवरचा जुना पूल, टेकडीवरचा किल्ला, दगडी चौक आणि बाकावर बसलेलं एक वयस्कर जोडपं. त्या फोटोतली खरी गंमत शहरात कमी आणि वेगात जास्त असते. एकाच गावात पाच-सहा दिवस राहायचं, दिवसाला एकच गोष्ट बघायची आणि उरलेला वेळ नुसतं बसायचं.

आता पुण्याहून ५०-५५ किलोमीटरवरचं भोर बघा. नीरा नदी, संस्थानकाळातला राजवाडा, झुलता पूल, शंभर वर्षं जुनं होत आलेलं दगडी धरण आणि आजूबाजूला राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर. तरीही साठी ओलांडलेली माणसं इथे राहायला येत नाहीत. कारण एकच, भोर-वेल्हे म्हणजे ट्रेकिंग आणि ट्रेकिंग म्हणजे तरुणांचं काम, असं डोक्यात पक्कं बसलंय. त्यातलं निम्मंच खरं आहे. कोणतं निम्मं, ते पाहू.

हिवाळाच का?

पावसाळ्यात हा भाग हिरवागार दिसतो, पण रस्ते निसरडे असतात, दरडींची भीती असते आणि शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी असते आणि धरणांत पाणी असतं. खाचरांतला भात निघालेला असतो, पेंढ्याच्या गंज्या दिसतात आणि जेवणात नवा तांदूळ येतो.

प्रागमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. भोरला सहा वाजेपर्यंत उजेड असतो. साठी-सत्तरीतल्या माणसाला हे दोन तास फार उपयोगी पडतात.

फक्त पहाटेची थंडी हलक्यात घेऊ नका. डोंगराच्या कुशीतल्या गावांत पारा बराच खाली उतरतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी सूर्योदयाचा फोटो काढायला साडेपाचला बाहेर पडण्याची हौस सोडावी. ऊन वर आलं की निघा. धुकं तेव्हाही असतंच.

मुक्काम एकच, तोही भोरला

अनेक जण एक रात्र भोर, एक रात्र वेल्हे, एक रात्र महाबळेश्वर असा बेत करतात. मग अर्धी सहल बॅगा भरण्यात आणि उपसण्यात जाते. माझं मत स्पष्ट आहे: चार रात्री भोरलाच काढा. भोर हे तालुक्याचं गाव आहे. एसटीचा आगार, बाजारपेठ, औषधांची दुकानं आणि उपजिल्हा रुग्णालय, सगळं जवळ मिळतं. वेल्ह्याकडचे रिसॉर्ट दिसायला देखणे असतात, पण आतल्या खोऱ्यांत मोबाईलची रेंज जाते आणि रात्री एखादी गोळी हवी झाली तर पंचाईत होते.

सोमवारी यावं आणि शुक्रवारी परतावं. नोकरी संपल्याचा हा फायदा घ्यायलाच हवा.

येण्याचा खर्चही फार नाही. राज्यात राहणाऱ्या ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना एसटीचं अर्धं तिकीट लागतं. २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धं तिकीट आहे. म्हणजे आजोबा ६७ आणि आजी ६३ असतील, तर दोघांचं मिळून एक पूर्ण तिकीट होतं. वयाचा पुरावा जवळ ठेवा. स्वारगेटहून भोरच्या गाड्या मिळतात. भोरला पोहोचल्यावर आसपास फिरायला दिवसाच्या बोलीवर गाडी ठरवावी, कारण आतल्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात.

राजवाडा आणि भोर संस्थान

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळालं. पुढे त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख राहिला, म्हणून इथले राजे ‘पंत सचिव’. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं.

सध्या उभा असलेला राजवाडा १८६९ मधला. त्यात मराठी वाड्याची चौक-सोप्यांची रचना आणि युरोपीय धाटणी यांची सरमिसळ आहे. लाकडी खांब आणि कमानी बघताना ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं वाटेल, कारण अनेक चित्रपट-मालिकांचं चित्रीकरण इथे झालं आहे. वाडा खासगी मालकीचा असल्याने शूटिंग असेल त्या दिवशी आत जाता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी चौकशी करून ठेवा. मुक्काम चार दिवसांचा असेल तर एक दिवस चुकला तरी बिघडत नाही. दिवसभराची सहल करणारे इथेच फसतात.

वाडा झाला की नदीकडे, भोरेश्वराच्या दर्शनाला, मग बाजारात. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

जाता जाता एक गोष्ट. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तेव्हा सोशल मीडियावर ‘नवीन नाव’ म्हणून बरीच चर्चा झाली. पण भोर संस्थानाचे जे पाच तालुके होते, त्यांची नावं विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ अशी होती. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. म्हणजे राजगड तालुका पूर्वीही होता. लोकांच्या बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे, रस्ता विचारताना तेच नाव घ्या.

भाटघर, नेकलेस पॉइंट आणि आंबवडे

कापूरहोळहून भोरला येताना नीरा नदी एक मोठं वळण घेते. तोच इन्स्टाग्रामवरचा ‘नेकलेस पॉइंट’. रस्त्यालगतच आहे, एक पायरीही चढावी लागत नाही. सकाळी उशिरा किंवा चारनंतर जा आणि गाडी वळणावर उभी करू नका.

भोरच्या जवळच वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. इथलं पहिलं धरण एकोणिसाव्या शतकातलं. ते अपुरं पडू लागल्यावर खालच्या बाजूला आजचं मोठं दगडी धरण बांधण्यात आलं. १९२८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून त्याला लॉइड धरण म्हणत. जलाशयाला आता येसाजी कंक यांचं नाव आहे. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. यातलं पाणी नीरेतून पुढे वीर धरणाकडे आणि तिथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. तिकडच्या उसामागे मावळातल्या बुडालेल्या खोऱ्यांचं पाणी आहे. जलाशयाच्या कडेने गाडीतून जाताना ही गोष्ट मनात राहते. पाण्यावर घर-जमीन सोडलेल्या पिढीतली कुणी आजी-आजोबा भेटले, तर गप्पांना वेळ द्या. गाईड जे सांगत नाही ते इथे ऐकायला मिळतं.

पाण्यात उतरू नका. काठ उथळ दिसतो, पण खोलीचा अंदाज येत नाही. आणि रीलमध्ये दिसणारं कांबऱ्याचं पाण्यातलं मंदिर हिवाळ्यात शोधत बसू नका. ते पाणी आटल्यावर, उन्हाळ्याच्या शेवटी उघडं पडतं.

तिसऱ्या दिवसासाठी आंबवडे. सगळ्या परिसरात निवांत बसायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. नागेश्वराचं जुनं मंदिर, गर्द झाडी, ओढा आणि त्यावर पंत सचिवांच्या काळातला झुलता पूल. याच गावात कान्होजी जेधे यांची समाधी आहे, प्रतापगडाच्या प्रसंगातले जिवा महाला यांची आहे आणि शंकराजी नारायण यांचीही. म्हणजे शिवकाळातले दोन मोठे लोक आणि भोर संस्थानाचे मूळ पुरुष, सगळे एका गावात. फार वर्दळ नसते. घरून पोळी-भाजी बांधून न्या. पूल जुना आहे, एका वेळी मोजक्या माणसांनीच जावं आणि तो हलवून बघण्याचे प्रयोग करू नयेत.

गडांचं काय?

आता मूळ प्रश्न. राजगड हे सुमारे पाव शतक स्वराज्याचं राजधानीचं ठिकाण. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथला. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगड आहे. तोरणा त्या यादीत नाही, पण १,४०३ मीटर उंचीचा हा गड पुणे जिल्ह्यात सर्वांत उंच आणि स्वराज्याच्या सुरुवातीच्या गडांपैकी एक.

दोन्ही गडांवर चढायला दोन-तीन तास लागतात. नियमित चालणारे, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलेले साठीतले लोक पाली दरवाजाच्या वाटेने राजगड करतात. गुंजवण्याची चोरदरवाजाची वाट अधिक खडी आहे, ती टाळावी. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे लक्षात ठेवावं की चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा मोडतो. वर पोहोचलो म्हणजे जमलं, असं नसतं. रायरेश्वराला शेवटी शिड्या आहेत. रोहिडा त्यामानाने छोटा, पण चढ आहेच.

बहुतेक जोडप्यांत एकाला चढायचं असतं आणि दुसऱ्याला झेपत नसतं. मग एकतर दोघंही जात नाहीत, नाहीतर दुसरा नको म्हणत ओढला जातो. यावर उपाय म्हणजे दिवस वाटून घ्या. एक जण गावातला वाटाड्या घेऊन पाली दरवाजाने वर जाईल. दुसऱ्याने पायथ्याशी पालीत थांबावं. एखाद्या घरी आधी सांगितलं तर पिठलं-भाकरी, ठेचा मिळतो. महाराणी सईबाईंचा मृत्यू १६५९ मध्ये राजगडी झाला. त्यांची समाधी याच परिसरात आहे, ती बघावी. खाली थांबणं म्हणजे सहल हुकणं नव्हे. पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला हा गडाचा सगळा पसारा लांबूनच नीट कळतो. वर गेल्यावर पायाखालचा दगड तेवढा दिसतो!

पालीबद्दल एक सूचना. मोबाईलच्या नकाशात नुसतं ‘पाली’ टाकलं तर बल्लाळेश्वराचं पाली समोर येऊ शकतं, ते रायगड जिल्ह्यात आहे. आपल्याला नसरापूर, मार्गासनीमार्गे जायचं आहे.

दोघांनाही चढायचं नसेल तर वेल्हे गावात जाऊन बसा. तोरण्याची लांबलचक धार समोर उभी असते आणि चहा संपेपर्यंत तिच्यावरचा उजेड बदलत जातो. गाडीची सवय असेल तर पुढे केळदजवळचा मढे घाट आहे. सिंहगडाच्या लढाईनंतर तानाजी मालुसरे यांचं पार्थिव या वाटेने उमरठला नेलं, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. हिवाळ्यात तिथला धबधबा नसतो, पण कड्यावरून कोकण मोकळं दिसतं. कठडा सर्वत्र नाही, म्हणून धारेपासून लांब उभं राहा. जाताना गाडीत इंधन भरून घ्या आणि रोख पैसे ठेवा.

दुसरा पर्याय वरंधा घाटाचा. भोरहून महाडकडे जाणाऱ्या या रस्त्यावर आधी नीरा-देवघरचा जलाशय लागतो, मग माथ्यावर वाघजाईचं मंदिर आणि भजी-चहाच्या टपऱ्या. तिथूनच मागे फिरावं. घाट उतरून परत चढण्यात ज्येष्ठांना वळणांशिवाय काही मिळत नाही. रस्त्याची कामं आणि बंदी यांची माहिती भोरमध्ये विचारून मगच निघा.

दोन दिवस टाळाच

पौष पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे बहुधा जानेवारीत, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते. देवस्थान वाई तालुक्यात असलं तरी भोरकडूनही भाविकांची रीघ लागते. २००५ मध्ये याच यात्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसं गेली. त्यानंतर व्यवस्था बदलली, पण त्या दिवसांत रस्ते भरलेले असतात आणि भोरमध्ये खोली मिळणंही अवघड. दर्शन घ्यायचं असेल तर एरवीच्या दिवशी जा. बेत आखण्याआधी पंचांग बघा.

परतताना

शुक्रवारी पुण्याकडे निघताना नसरापूरला उतरून बनेश्वर करा. झाडीतलं हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. आवारात टांगलेली घंटा बघायला विसरू नका. तिच्यावर क्रॉस आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतली ही घंटा असं सांगितलं जातं. मंदिरामागे वनउद्यान आहे, सावलीत सपाट पायवाटा आहेत. मंदिर नसरापूर गावापासून थोडं आत आहे. सामान असेल तर रिक्षा करा आणि दुपारच्या आत पोहोचा, कारण शुक्रवार संध्याकाळपासून पुण्याची गर्दी उलट दिशेने येऊ लागते.