आफ्रिकेंतील कादंबरी आणि सवतीचें घर

१९६६ सालीं फ्लोरा न्वापा या नायजेरियन लेखिकेची 'एफुरू' ही कादंबरी लंडनांत प्रसिद्ध झाली. आफ्रिकेंतील स्त्रियांनीं इंग्रजींत लिहिलेल्या कादंबऱ्यांत ती अगदीं आरंभीची. उहामिरी ही तळ्यांतली देवता संपत्ति देते, सौंदर्य देते. परंतु तिला स्वतःला मूलबाळ कधींच नव्हतें, असें असतां गांवच्या बायका तिला कां भजतात, या प्रश्नावर न्वापाबाईंनीं ग्रंथ संपविला आहे. तेरा वर्षांनीं बुची एमेचेटा यांनीं त्या शेवटच्या ओळींतूनच आपल्या कादंबरीचें नांव उचललें: 'द जॉइज ऑफ मदरहुड', म्हणजे मातृत्वाचे आनंद. नांव आनंदाचें, आंत काय आहे तें पुढें येईलच.

या वाङ्मयाचें नांव निघालें कीं, हा सारा बहुपत्नीकत्वाविरुद्धचा फिर्यादअर्ज असावा, असें आमच्याकडील सुशिक्षितांस वाटतें. आमचाही प्रथम तोच समज होता. परंतु एफुरूची गोष्ट त्या समजास पहिलाच धक्का देते. ओगुटा गांवची ही बाई व्यापारांत हुशार. देज दिल्याशिवाय ती पहिल्या नवऱ्याकडे जाते, आणि मग दोघें मिळून व्यापाराच्या कमाईतून तें देज फेडतात. पुढें दुसऱ्या नवऱ्यापासून मूल होईना, तेव्हां त्याच्यासाठीं दुसरी बायको पाहण्यांत ती स्वतः पुढाकार घेते. सवत आली म्हणून एफुरू घर सोडीत नाहीं. आजारपणांत तिच्यावर व्यभिचाराचा आळ येतो आणि नवरा त्यावर विश्वास ठेवतो, तेव्हां सोडते.

यांतलें मर्म इग्बो लोकांच्या वाड्यांत आहे. तेथें प्रत्येक बायकोची झोपडी वेगळी, चूल वेगळी, बाजारांतली मिळकत तिची तिची. वडील बायकोचा मान ठरलेला. ही व्यवस्था न्यायाची होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिला भिंती होत्या एवढेंच म्हणतों.

एमेचेटाबाईंनीं त्या भिंती काढून घेतल्या. त्यांची नायिका न्नू एगो इबुझाहून लागोस शहरीं येते. नवरा न्नाइफे गोऱ्या साहेबाच्या घरीं कपडे धुतो. त्याचा भाऊ वारतो, आणि रूढीप्रमाणें भावाच्या बायका त्याच्या पदरीं येतात. त्यांपैकीं अडाकू ही मुलीला घेऊन लागोसला दाखल होते. खोली एकच! पडद्यापलीकडे नवरा व सवत, अलीकडे मुलांना कुशींत घेऊन डोळे मिटून पडलेली न्नू एगो. रूढि गांवाहून आली, झोपड्या मात्र गांवींच राहिल्या. या एका रात्रीच्या वर्णनाइतकें कोणतेंही व्याख्यान आम्हांस बोलकें वाटलें नाहीं.

पुढें घरखर्चास पैसे पुरत नाहींत, तेव्हां दोघी सवती एक होऊन नवऱ्यासाठीं स्वयंपाक न करण्याचा संप पुकारतात. वाचकास क्षणभर हसूं येतें. परंतु मुलें भुकेलीं असतां आई कितीसा संप चालविणार? तो मोडतो. अडाकूस मुलगे नाहींत, म्हणून जातभाईंची पंचाईत तिलाच खालीं पाहावयास लावते. तेव्हां ती निघून जाते, व्यापार करते, मुलींस शाळेंत घालते. मुलग्यांची आई असलेली न्नू एगो मात्र शेवटीं रस्त्याच्या कडेला एकटी मरते, आणि परदेशीं गेलेले मुलगे परत येऊन तिची उत्तरक्रिया थाटानें करतात. आमच्या मतें या विषयावर इतकें कठोर पुस्तक दुसरें नाहीं. लिहिणारीस हें सारें ऐकीव नव्हतें. सोळाव्या वर्षीं लग्न झालेल्या या बाईचें एक हस्तलिखित तिच्या नवऱ्यानें जाळलें होतें. तें तिनें पुन्हां लिहून काढलें व १९७६ सालीं छापलें.

त्याच १९७९ सालीं सेनेगलमध्यें मारियामा बा यांचें, एका विधवेनें मैत्रिणीस लिहिलेल्या लांब पत्राच्या रूपाचें, फ्रेंच पुस्तक निघालें व पुढल्या वर्षीं त्यास पहिलें नोमा पारितोषिक मिळालें. येथें झोपडी नाहीं, एक खोलीही नाहीं. डाकारमधला बंगला आहे, नायिका रामातुलाय ही शिक्षिका आहे. पंचवीस वर्षांचा संसार, बारा मुलें. आणि नवरा मुलीच्याच वर्गमैत्रिणीशीं लग्न लावतो. तें तो स्वतः सांगत नाहीं. लग्न लागल्यावर इमाम, दीर आणि एक मित्र असे तिघे येऊन सांगतात. १९७२ च्या कुटुंब कायद्यानें सेनेगलमध्यें पुरुषानें किती बायका करणार हें लग्नाच्या वेळींच नोंदवावें अशी सोय केली. पण घरीं सांगण्याचें धैर्य कायद्यानें कोठून यावें? धर्माज्ञेप्रमाणें दोघींत समान वांटणी होईल, एवढ्यासाठीं रामातुलाय मनाची तयारी करते. नवरा परतच येत नाहीं. सवतीचा वांटा नव्हे, आपलाच वांटा बुडाला, हें तिचें दुःख. तरीही ती घटस्फोट घेत नाहीं. मैत्रीण आयसातू मात्र अशाच प्रसंगीं चारही मुलग्यांना घेऊन निघाली, शिकली, दुभाषी झाली. लेखिकेनें दोघींपैकीं कोणासही चूक ठरविलेलें नाहीं, हें आम्हांस फार आवडलें. वैधव्यानंतर दीर मागणी घालतो, तेव्हां इतकीं वर्षें गप्प राहिलेली रामातुलाय त्यास जें सुनावते, तें मुळांतूनच वाचावें.

घानाच्या आमा आता आयडू यांच्या 'चेंजेस' (१९९१) या कादंबरींत तर आंकडेशास्त्रांत पारंगत अशी एसी, एका नवऱ्यास सोडून, आपखुशीनें दुसऱ्याची दुसरी बायको होते. पूर्ण वेळचा नवरा नको, म्हणजे आपलें काम व आपलें स्वातंत्र्य दोन्ही राहतील, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर येतो. फक्त नवरा येईनासा होतो. येण्याऐवजीं तो एक दिवस तिच्या दारांत नवी कोरी मोटार उभी करतो.

मारियामा बा यांच्या पुस्तकांतही एक मोटार आहे. मुलांना घेऊन बसच्या गर्दींत हिंडणाऱ्या रामातुलायसाठीं ती विकत घेऊन दिलेली असते, देणारी आयसातू. ती चालविण्यास रामातुलाय प्रथम भिते, मग शिकते.