अटलांटाचें रणचित्र

अमेरिकेंतील यादवी युद्धांत ता. २२ जुलै १८६४ रोजीं अटलांटानजीक उत्तरेच्या सैन्यानें दक्षिणेचा पराभव केला. त्या संग्रामाचें प्रचंड वर्तुळाकार चित्र जर्मन चित्रकारांनीं १८८६ त मिलवॉकी येथें, उत्तरेच्या प्रेक्षकांसाठीं, रंगविलें. १८९२ त तें अटलांटास येतांच पराजयाचा विजय झाला! जाहिरातींत तसें छापलें. शिवाय, पकडलेल्या दक्षिणी सैनिकांचे करडे गणवेश निळे रंगवून त्यांस उत्तरेचे पळपुटे ठरविलें. पुढें दुरुस्तींत मूळ रंग परत आला. २०१९ पासून चित्र तेथील इतिहास-केंद्रांत आहे. चाकांच्या खुर्चींतून येणारासही तें पाहतां येतें, आणि या रंगबदलाची हकीकतही तेथें सांगितली जाते. आपल्या गर्वास सुखविण्यासाठीं चित्र कसें फिरविलें, हें उघड सांगणारें संग्रहालयच इतिहासाची खरी सेवा करतें.