'बाटणे' आणि 'शरण जाणे' : टिळक दांपत्याची ख्रिस्तनिष्ठा आणि तिची मराठी

सोलापूर जिल्ह्याचे नाव घेताच भाषाभ्यासकासमोर प्रथम उभी राहते ती मराठी, कानडी आणि तेलुगू यांची सरमिसळ. आणि त्यानंतर पंढरपूर. मराठी भक्तीची परिभाषा जर कोठे घडली, मुरली आणि सर्वमुखी झाली असेल तर ती भीमेच्या या तीरावर. त्याच पंढरपुरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, ख्रिस्ती झालेल्या एका कवीची पत्नी आपल्या लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने काही काळ राहिली. त्या लक्ष्मीबाई टिळक होत. त्यांच्या आयुष्यातील या विरहपर्वाकडे चरित्रकारांनी बहुधा एक करुण प्रसंग म्हणून पाहिले आहे. भाषेच्या अंगाने पाहिले असता त्यात निराळेच काही हाती लागते.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा. नाशिक येथे संस्कृताचे अध्ययन, १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी विवाह, पुढे नागपूर, राजनांदगाव अशी भ्रमंती, हा क्रम सुपरिचित आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा देणारा पाळक मराठी होता, ही गोष्ट टिळकांच्या पुढील साऱ्या कार्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

या घटनेला समाजाने एकच शब्द लावला : 'बाटला'. 'बाटणे' हे क्रियापद विचार करण्याजोगे आहे. पाणी बाटते, सोवळे बाटते, विहीर बाटते आणि माणूसही बाटतो. या शब्दात विचाराला, निवडीला, श्रद्धेला जागाच नाही. स्पर्शाने जसा विटाळ होतो तसा धर्म जातो, एवढेच तो सांगतो. कर्ता येथे नावापुरता. वस्तुतः तो भोक्ता असतो. उलट, ख्रिस्ती मंडळींत रूढ असलेले 'ख्रिस्ताला शरण जाणे' हे वचन पूर्णपणे कर्तरी आहे. शरण जाणारा स्वतः चालत जातो. शिवाय 'शरण' हा शब्द वारकऱ्याला परका नाही. पंढरीच्या वाटेवर तो शतकानुशतके घोळलेला आहे. 'धर्मांतर' हा तिसरा शब्द संस्कृत, तटस्थ आणि कागदी. घरातल्या रडारडीत तो कोणाच्याही तोंडी आला नसेल. एकाच कृत्याला दोन क्रियापदे, आणि त्या दोहोंमध्ये सापडलेली एक सत्तावीस वर्षांची स्त्री, असे १८९५ चे चित्र आहे.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, इतक्या थरास वडिलांचे वेड गेले होते. अशा घरात वाढलेल्या मुलीला 'बाटणे' हा केवळ शब्द नव्हता. तो तिच्या रोजच्या हालचालींचा कायदा होता. पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्यांच्या मनाचा तोल जाण्याची वेळ आली. पुढील सुमारे साडेचार-पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली राहिली. पंढरपूरचा वास याच काळातील. देवळाच्या गावात, व्रतवैकल्यांच्या वातावरणात, बाटलेल्या पुरुषाची सवाष्ण म्हणून वावरताना त्यांच्या वाट्यास काय आले असेल, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास सांगावयास नको. त्या ग्रंथाचा विशेष असा की, दुःख सांगतानाही लेखिका स्वतःला हसू शकते; हा विनोद पांडित्यातून आलेला नाही, तर माजघरातल्या बोलण्यातून आलेला आहे.

या काळात टिळकांपुढे एक मार्ग खुला होता, त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. १८६६ च्या कायद्यान्वये, नव्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस तिच्या जोडीदाराने धर्मांतरामुळे टाकले असता न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळविता येत असे व पुनर्विवाहाची मोकळीक होत असे. टिळकांनी या कायद्याचा आश्रय घेतला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली. निष्ठा हा गुण त्यांच्या ठायी ख्रिस्ताविषयी जितका होता तितकाच, ख्रिस्ताला न मानणाऱ्या पत्नीविषयीही होता. ज्या माणसाच्या चंचल, तापट आणि भटक्या स्वभावाच्या कथा त्याच्याच पत्नीने मोकळेपणाने सांगितल्या आहेत, त्याच्याकडून हे घडले हे विशेष होय.

लक्ष्मीबाईंच्या निष्ठेचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्या ख्रिस्ती झाल्या त्या केवळ पातिव्रत्यामुळे, पतीमागे पत्नी गेली इतकेच, असे मत अनेकदा मांडले जाते. हे मत कालक्रमाशी जुळत नाही. पातिव्रत्य हेच कारण असते तर बाप्तिस्मा १८९५ मध्येच व्हावयास हवा होता. निदान अहमदनगरास पुन्हा एकत्र संसार सुरू झाला त्या दिवशी तरी. तसे घडले नाही. नगरास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक चालू ठेवला, आणि टिळकांनी तो चालू दिला. जातिभेद ही ईश्वराची नव्हे तर माणसाची निर्मिती आहे, हा विचार त्यांच्या मनात त्यांच्याच वाटेने आला. आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीकडे परतणे आणि ख्रिस्ताकडे वळणे या दोन वेगळ्या घटना होत. 'बाटणे' या क्रियापदाची सत्ता त्यांच्या मनावरून आधी उठली. 'शरण जाणे' नंतर आले.

कविता रचण्यास त्या याच विरहकाळात लागल्या, हेही नजरेआड करता येत नाही. ज्या स्त्रीला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, पतीने शिकविली तेवढीच अक्षरे जिच्यापाशी होती, तिने पुढे पतीचे अपुरे महाकाव्य हाती घ्यावे, याची पूर्वतयारी येथे दिसते.

आता इतरांस श्रद्धेकडे नेण्याचा भाग. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ मध्ये आले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरास निघाले. सोलापूरचे केंद्र १८६० नंतरच्या दशकातले. या दीर्घ उद्योगातून 'शुभवर्तमान', 'तारण', 'पाळक', 'मंडळी' असे शब्द ख्रिस्ती अर्थाने स्थिरावले. त्यांतील 'तारण' तर सावकाराच्या वहीतही होते आणि संतांच्या 'तारणे' या क्रियेशीही जोडलेले होते. 'साक्ष' कचेरीतून प्रार्थनामंदिरात आली. बेळगावी जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पद्मनजींनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ मध्ये सिद्ध केली, हा योगायोग नव्हे. धर्मांतरितांस शब्दांचा हिशेब ठेवणे भागच होते. तथापि या मिशनरी मराठीत वाक्याची ठेवण पुष्कळदा परकी राही, आणि परकी चाल लावलेली गीते गाताना मराठी ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण होई. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया नगर भागात घातला होता खरा, पण अभंगाला ख्रिस्ती मुखी पूर्ण सहजता आली ती टिळकांमुळे.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. हा पूल प्रामुख्याने भाषेचा होता. ख्रिस्ताला माउली म्हणणे, गुरू म्हणणे, त्याच्याशी 'तू' या एकवचनी जवळिकेने भांडणे, ही पंढरीची रीत आहे. 'उपासनासंगीता'तून ही गीते सोलापूर, नगर, सातारा भागांतील मंडळ्यांत पोहोचली. त्या मंडळ्यांत मोठा भरणा होता तो महार-मांग समाजातून आलेल्यांचा. चोखोबाची समाधी पायरीशी असलेल्या विठ्ठलमंदिराचे दार त्यांच्या समाजांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्या दारापूर्वी कितीतरी आधी दाराआडची भाषा त्यांना अन्य मार्गाने मिळाली होती. अस्पृश्य गणलेल्या वारकऱ्यांनी ती मुळातच आपली मानली होती, हे विसरून चालणार नाही. परंतु प्रार्थनामंदिरात पहिल्या रांगेत बसून ती म्हणणे ही गोष्ट वेगळी.

१९०९ च्या सुमारास टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ चे. त्याची सालडान्हाकृत आवृत्ती मंगळूरहून १९०७ मध्ये निघाली होती. काळाचा हा निकटपणा मनात भरतो, पण एवढ्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. दोन्ही ठिकाणी गरज मात्र एकच होती : जुने पुराण सोडून आलेल्या श्रोत्यांना नवे पुराण हवे होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. मंडळीतील अनेकांस हे रुचले नाही. बाप्तिस्म्याची सीमारेषा पुसली जाते, ही त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु ज्याने पत्नीच्या सोवळ्याला पाच वर्षांनंतरही धक्का लावला नाही, आणि बालकवी ठोंबऱ्यांसारख्या तरुणाला पुत्रवत घरात ठेवून घेतले तरी ख्रिस्ती केले नाही, त्याच्याकडून वेगळे काही होणे शक्य नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले, तेव्हा 'ख्रिस्तायना'चे सुमारे दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि ग्रंथाचा शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत निघालेल्या 'स्मृतिचित्रां'ची कीर्ती इतकी झाली की, या अध्यायांकडे वाचक सहसा वळत नाही. गद्यातल्या लक्ष्मीबाई आणि ओवीतल्या लक्ष्मीबाई यांची शब्दकळा ताडून पाहण्याचे काम या विषयाच्या अभ्यासकाने हाती घ्यावे असे आहे. विशेषतः विटाळ, स्पर्श आणि शुद्धी या अर्थांचे शब्द त्या ओवीत कोठे येतात आणि कोणाच्या तोंडी येतात, हे.